मामा, आर्ट्स म्हणजे टाइमपास असतो का?

शनिवारी सकाळी ताईचा मुलुंडहून फोन. 'हिला दहावीला ब्याण्णव टक्के मिळालेत आणि ही आर्ट्सला जाते म्हणतेय! तू आयटीवाला ना, जरा समजाव.' मागून भाऊजींचा आवाज, 'आर्ट्स घेऊन करणार काय, ते विचार तिला आधी!'

गेलो. पोह्यांची प्लेट हातात पडायच्या आत भाचीनं बॉम्ब टाकला, 'मामा, मला पॉलिटिक्स, सोशिऑलॉजी नाहीतर क्रिमिनॉलॉजी करायचंय. आर्ट्स म्हणजे टाइमपास असतो का रे?'

आता खरं सांगू? मला शाळेत आवडणारा एकमेव विषय म्हणजे इतिहासाला चिकटलेलं नागरिकशास्त्र. पण आमच्या वेळी नव्वदच्या वर गेलेल्या पोराला कुणी काही विचारायचंच नाही, थेट सायन्स. त्यामुळे समजवायला गेलेला मी तिच्याच टीममध्ये कधी गेलो, कळलंच नाही.

म्हटलं, आधी फंडा क्लिअर करू. पॉलिटिक्स म्हणजे पुढारी आणि बॅनर नव्हे. साधा प्रश्न घे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं तुमच्या गल्लीतल्या खड्ड्याचा जाब कुणाला विचारायचा? नगरसेवकच नव्हता! निर्णय कोण घेतं, कुणाच्या वतीनं आणि त्याला थांबवणार कोण, हे शोधणं म्हणजे राज्यशास्त्र.

सोशिऑलॉजी तर आपल्या घरचाच विषय. मुंबई विद्यापीठात हा विभाग 1919 मध्येच सुरू झाला. त्याच्याही आधी, 1916 मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं भारतातल्या जातींवर पेपर वाचला. तो विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. जात टिकते कशी, तर जातीतल्या जातीतच लग्नं लावून, हे त्यांनी तेव्हा मांडलं. आजचे मॅट्रिमोनियल साइटचे फिल्टर आठवा म्हणजे विषय जुना झालाय का ते कळेल! आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे? त्या वारीत चालल्या. अभंग सगळे एकत्र म्हणतात, पण जेवणं मात्र जातीप्रमाणे वेगळी, हे त्यांनी टिपलं. आपण रोज बघतो, पण दिसत नाही, ते बघायला शिकवणारा हा विषय.

क्रिमिनॉलॉजी म्हटल्यावर भाचीच्या डोळ्यांत थेट 'सीआयडी'! तिथे ब्रेक लावला. डॉ. साळुंखे करतात ते फॉरेन्सिक. त्याला सायन्स लागतं. क्रिमिनॉलॉजीचा प्रश्न वेगळा. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, पकडल्यावर त्याचं काय होतं आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचं काय? एनसीआरबीच्या 2022च्या आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांत दर शंभरात सुमारे शहात्तर कैदी असे होते, ज्यांचा खटला अजून संपलेलाच नव्हता.

इथे पेपरमागून भाऊजी पहिल्यांदा बोलले. 'मागे लोकलमध्ये माझा मोबाइल मारला होता. पोरगा सापडला. लोकांनी बेदम मारला त्याला. हिच्याच वयाचा असेल.' थोडं थांबून म्हणाले, 'पुढे कुठे गेला असेल रे तो?'

'भाऊजी, अठराच्या आतला असेल तर बाल न्याय मंडळापुढे. आणि तुम्ही आत्ता जे विचारलंत ना, तोच हिचा सिलॅबस.'

घरात एकदम शांतता.

मग भाऊजींचा हक्काचा प्रश्न, 'पगार किती?' गोड बोललो नाही. सुरुवातीला इंजिनीअरपेक्षा बहुतेकदा कमीच, आणि नुसत्या बी.ए.वर भागत नाही, मास्टर्स करावंच लागतं. पण वाटा आहेत. यूपीएससीला हे दोन्ही विषय ऑप्शनल म्हणून घेता येतात. खासदारांसोबत रिसर्चचं काम करायची लॅम्प फेलोशिप आहे. देवनारच्या 'टिस'मध्ये क्रिमिनॉलॉजीत सोशल वर्कचं मास्टर्स होतं, मद्रास विद्यापीठात तर या विषयाचा स्वतंत्र विभागच आहे. 'टिस'नं मुंबई पोलिसांसोबत 1984 मध्ये हिंसाचारग्रस्त महिलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, 1990 पासून 'प्रयास' कैद्यांसोबत काम करतंय. आणि आमच्या आयटीतही लोक ॲप कसं वापरतात हे शोधायला समाजशास्त्रवाले घेतातच की!

शेवटी मांडवली झाली. अकरावी आर्ट्स, पण इकॉनॉमिक्स घ्यायचं आणि आकडेमोडीला घाबरायचं नाही. कारण सर्व्हे करायचा तर स्टॅटिस्टिक्स सुटत नाही. दिल्लीसारख्या केंद्रीय विद्यापीठात जायचं तर बारावीनंतर सीयूईटी, तिची तयारी आत्तापासून. रोज एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर वाचायचा. आणि सुट्टीत एकदा वॉर्ड ऑफिसात जाऊन एक तक्रार स्वतः नोंदवायची, तिचं पुढे काय होतं ते वहीत लिहायचं. पहिला फील्डवर्क!

तर मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी भाची, एखादा पुतण्या असेल. 'मामा' म्हणून, 'काका' म्हणून फोन येईल, 'जरा समजाव.' जरूर जा. फक्त समजवायच्या आधी एकदा ऐकून घ्या.

निघताना भाऊजी दारापर्यंत आले. म्हणाले, 'तू का नाही केलंस रे हे?'

उत्तर नव्हतं. लिफ्टचं बटण दाबलं.