ज्याचे घर, त्याच्या हाती थापी

जुन्या करारातले नहेम्याचे पुस्तक आपल्याकडे फारसे कुणी उघडत नाही. त्याचा तिसरा अध्याय तर नुसती नावांची यादी म्हणून बहुतेकजण ओलांडून जातात. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मात्र तो मुलांकडून मोठ्याने वाचून घेतो. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेमेचा तट पुन्हा कोणी बांधला, कुठून कुठपर्यंत बांधला, याची ती नोंद आहे. त्यात सोनार आहेत, अत्तरवाले आहेत, व्यापारी आहेत. एक जण तर आपल्या मुलींना घेऊन कामाला लागला आहे. आणि एक गोष्ट त्यात पुन्हा पुन्हा येते: अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला. लाकूड मात्र परदेशी राजाच्या रानातले होते. पर्शियाच्या राजाने पत्रे दिली, लाकूड दिले, वाटेत सोबतीला स्वार दिले. तट बांधायला त्याने आपले ठेकेदार पाठवले नाहीत.

यादवी युद्धातून उठणाऱ्या देशाला इतर देशांनी मदत कशी करावी, याचे याहून नेमके उत्तर आम्हाला कुठे सापडले नाही. हा प्रश्न आपल्याला दूरचाही नाही. आमच्या मनात आहे ती शेजारची श्रीलंका.

१९५६ हे साल सीमाभागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबरला बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षी, काही महिने आधी, तेव्हाच्या सिलोनमध्ये सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला. कचेरीतला कागद आपल्या भाषेत नसला की माणसाला आपल्याच गावात कसे परके वाटते, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडेही गोळीबारात माणसे गेली. पण वाद मोर्चात आणि न्यायालयात राहिला. तिथे १९८३ पासून मे २००९ पर्यंत युद्ध चालले. शेवटी सुमारे तीन लाख तमिळ माणसे वावुनियाजवळच्या छावण्यांत तारेच्या कुंपणाआड होती.

आपले दुसरे नाते शस्त्राचे आहे. १९८७ ते १९९० या काळात भारताची शांतिसेना तिथे होती. बेळगावात जिचे केंद्र आहे त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही त्यात होते. अकराशेहून अधिक भारतीय सैनिक परत आले नाहीत. आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळ्यांनी रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या, हेही तितकेच खरे आहे. शहिदांसाठी मिस्सा अर्पण करताना त्या रुग्णालयातल्या मृतांचीही आठवण व्हावी, असे आम्हाला वाटते. कुणाला हे खटकेल. खटकू दे.

तिसरे नाते संत जोसेफ वाझ यांचे. गोव्यात बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले हे धर्मगुरू १६८७ मध्ये मजुराच्या वेषात लंकेत उतरले, कारण डच राजवटीने कॅथोलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. त्यांनी तमिळ शिकली, सिंहली शिकली, कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक टाकून गेलेल्या रोग्यांची सेवा केली. आपला बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये गोव्यातूनच वेगळा झाला, म्हणून ते आम्हाला घरचे वाटतात. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले आणि त्याच दिवशी ते उत्तरेला मढूच्या मातेच्या तीर्थस्थानी गेले. १९९९ मध्ये त्या देवळाच्या आवारात आसरा घेतलेली माणसे तोफगोळ्यांनी मेली होती. श्रीलंकेतल्या कॅथोलिक चर्चमध्ये सिंहलीही आहेत आणि तमिळही; युद्धात तिथल्या धर्मगुरूंची काय ओढाताण झाली असेल, याची कल्पना करावी.

आता मदतीकडे येऊ. पैशाने शांती विकत घेण्याचा प्रयोग तिथे आधी होऊन गेला होता. जून २००३ मध्ये टोकियोत देणगीदार देशांची परिषद भरली, साडेचार अब्ज डॉलरचे वचन दिले गेले, अट एकच की शांततेची बोलणी पुढे सरकावीत. तमिळ वाघ त्या परिषदेला आलेच नाहीत. पुढे तीन वर्षांत युद्ध पुन्हा पेटले.

युद्ध संपल्यावर भारताने जे केले त्यात पुष्कळसे चांगले होते. छावणीत वैद्यकीय पथक गेले. सुरुंग काढायला निवृत्त लष्करी अभियंत्यांच्या संस्था गेल्या. पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूटचे शिबिर झाले. शेतकऱ्यांना बियाणे, अवजारे, ट्रॅक्टर आणि दहा हजार सायकली दिल्या गेल्या. सायकलीचे आम्हाला विशेष कौतुक वाटते. बाजार, शाळा, दवाखाना सगळे लांब पडलेल्या खेड्यात सायकल म्हणजे काय, हे निपाणीच्या तंबाखूच्या शेतावर राबणाऱ्या बाईला विचारा.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट घरांची. २०१० मध्ये भारताने ५०,००० घरांचे अनुदान जाहीर केले: उत्तर व पूर्व प्रांतांत ४६,००० आणि चहामळ्यांच्या डोंगराळ भागात ४,०००. पहिली हजार घरे ठेकेदारांनी बांधली. त्यानंतर २ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालेल्या टप्प्यात पद्धतच बदलली. घरमालकाच्या बँक खात्यात साडेपाच लाख श्रीलंकन रुपये हप्त्याहप्त्याने जमा व्हायचे: पाया झाला की एक, भिंती उठल्या की दुसरा. गवंडी कोण, खोली कुठे, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला, हे घरातल्या माणसाने ठरवायचे. संयुक्त राष्ट्रांची गृहनिर्माण संस्था, रेड क्रॉस असे सोबती देखरेखीला. त्या घरांपैकी अनेक घरांत कर्ता पुरुष उरला नव्हता. विधवेने वाळूचा भाव केला, विटा मोजून घेतल्या, खात्याचे पुस्तक स्वतः सांभाळले. यालाच आम्ही नहेम्याचा तिसरा अध्याय म्हणतो.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले होते. नदीकाठच्या गावांत पडलेल्या घरांसाठीही सरकारी मदत अशीच टप्प्याटप्प्याने आली. आणि त्याच वेळी कुठून कुठून टेम्पो भरून जुने कपडे आले, ज्यांचे ढीग नंतर समाजमंदिरांत कुजले. हप्ता उशिरा आला म्हणून कुरकुर झाली, पण तो हप्ता ज्याच्या खात्यात पडला तो माणूस मान वर करून उभा होता. कपड्यांच्या ढिगापुढे रांगेत उभा केलेला तोच माणूस खाली बघत होता.

उलट उदाहरणही श्रीलंकेतलेच. २०१६ च्या सुमारास तिथल्या सरकारने उत्तरेत ६५,००० तयार पोलादी घरे उभारायचे ठरवले. काम एका बहुराष्ट्रीय कंपनीकडे, एका घराचा खर्च सुमारे एकवीस लाख. जाफन्याच्या उन्हात पोलादी घर! गावातल्या गवंड्याला काम नाही, वाळूवाल्याला धंदा नाही, घरच्याला मत नाही. लोकांनी आणि जाणकारांनी जोरदार विरोध केला तेव्हा कुठे ते बारगळले.

भारताने सगळे दयेपोटी केले, असा भाबडेपणा आमच्यात नाही. हंबनटोटाचे बंदर चिनी कर्जातून झाले आणि २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेले. दिल्लीचे लक्ष तिकडेही होतेच. ऑक्टोबर २०१४ मध्ये चोवीस वर्षांनी जाफन्याला पुन्हा रेल्वे पोहोचली, तो मार्गही भारताच्या कर्जावर झाला. रेल्वेसाठी कर्ज समजू शकते. पण साडेपाच लाखांत घर पुरे झाले नाही म्हणून कितीतरी कुटुंबांनी खासगी कर्ज काढले, दागिने गहाण टाकले. घरोघर फिरणाऱ्या वित्तसंस्थांचे व्याज इतके वाढले की २०१८ मध्ये सरकारला दुष्काळी जिल्ह्यांतल्या स्त्रियांची छोटी कर्जे माफ करावी लागली. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात नेमकी हीच तक्रार आहे. तट अर्धा झालेला, आणि बायामाणसे ओरडत येतात की धान्यासाठी शेते गहाण पडली, मुले गुलाम झाली. नहेम्या संतापतो, सावकारांना सगळ्यांसमोर उभे करतो आणि व्याज परत करायला लावतो. तेव्हा अनुदान देताना ते पुरेसे द्यावे. अपुरे दिलेले घर सावकाराच्या दारात नेऊन सोडते.

आणि काही गोष्टी कुठल्याच अनुदानात बसत नाहीत. ज्यांची जमीन सैन्याच्या ताब्यात राहिली, त्यांनी घर कुठे बांधायचे? जानेवारी २०११ मध्ये मन्नारचे बिशप रायप्पू जोसेफ यांनी सरकारी चौकशी आयोगापुढे सरकारी कागदांतलेच आकडे मांडून विचारले की १,४६,६७९ माणसांचा हिशोब लागत नाही, ती कुठे आहेत? २०१७ पासून बेपत्ता मुलांच्या आया किलिनोच्चीच्या रस्त्याकडेला फोटो घेऊन बसल्या. बिशप २०२१ मध्ये वारले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही. मदत देणाऱ्या देशांनी, त्यात भारतही आला, रेल्वे आणि बंदरांच्या बैठकांत हा आकडा टेबलावर ठेवला असता तर त्या साडेपाच लाखांना वेगळे वजन आले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येत्या उपवासकाळात कारितासच्या लिफाफ्यांत आपणही पैसे घालू. ते कुठे गेले, कुणाच्या हातात पडले, हे विचारायला संकोच करू नका. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना संत पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली होती, कुणी बोट दाखवू नये म्हणून. आमच्या धर्मग्रामात यंदा दानाचा हिशोब सूचनाफलकावर लावायचे ठरले आहे, मराठी, कोकणी आणि कन्नड या तिन्ही भाषांत.