जीर्णोद्धार म्हणावे कशाला?

पिसा शहरात आर्नो नदीच्या काठी सांता मारिया देला स्पिना नावाचे इवलेसे गॉथिक चर्च आहे. ख्रिस्ताच्या मुकुटातला मानला गेलेला काटा १३३३ साली येथे आला, त्यावरून हे नाव पडले. ‘चौदाव्या शतकाचा ठेवा’ म्हणून त्याचे गोडवे गायले जातात. आमचा आक्षेप नेमका या शब्दप्रयोगाला आहे. १८७१ साली पुराच्या धास्तीने हे चर्च उतरवून सुमारे मीटरभर उंचीवर पुन्हा रचण्यात आले. त्यात पूजासाहित्याची खोली कायमची गेली. कित्येक मूळ शिल्पे पुढे संग्रहालयात गेली आणि त्यांच्या जागी प्रतिकृती आल्या. असा जीर्णोद्धार म्हणजे विध्वंसच, हे रस्किन १८४९ पासून सांगत होता. आम्ही त्याच्याइतके टोक गाठत नाही; नदीने गिळण्यापेक्षा उंचावलेले बरे. मात्र मग ही वास्तू एकोणिसाव्या शतकाचीही आहे, हे उघडपणे मान्य करायला हवे. ठेव्याचे कौतुक करताना गमावलेल्याचा हिशेब दडवायचा, याला जतन म्हणता येत नाही. पुढच्या वास्तूला हात लावणारा मग कोणत्या अनुभवातून शिकणार?