वर्गणीच्या पैशावर धावलेली धावपटू

ऑलिंपिक जवळ आले, की पदकांच्या दुष्काळाची चर्चा सुरू होते आणि तिचा निष्कर्षही ठरलेला असतो : भारतीयांच्या अंगी जिद्द नाही. हे निदान सोयीचे आहे. दोष खेळाडूच्या माथी मारला, की तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत त्यांना जाब विचारण्याचे कारण उरत नाही. वांद्र्याच्या मेरी डिसोझा यांची कारकीर्द हे निदान पुरते खोटे पाडते.

१९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या. विशीही न ओलांडलेल्या मेरीने २०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. ४ × १०० मीटर रिलेत रौप्यपदक मिळविणाऱ्या चमूतही ती होती. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली. सोबत निरोप आला, की सरकारजवळ पैसा नाही, खर्चाची तजवीज आपली आपण करावी. तेव्हा वांद्र्यातील स्नेही-शेजाऱ्यांनी नृत्याचे आणि पत्त्यांच्या डावांचे कार्यक्रम भरवून निधी जमविला. उरलेला भार मुंबई राज्य सरकारने उचलला, पण लोकांनी झोळी फिरविल्यानंतर! त्याच हेलसिंकीला खाशाबा जाधवांना धाडण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते.

देश तेव्हा दरिद्री होता, हा युक्तिवाद पुढे केला जातो. तो खोटा नाही. अन्नधान्याची टंचाई होती, पहिली पंचवार्षिक योजना नुकती सुरू झाली होती. परंतु टंचाईच्या काळातच वाटपाचा प्रश्न खरा तीव्र होतो. हेलसिंकीला गेलेल्या भारतीय चमूत ६० पुरुष होते आणि स्त्रिया अवघ्या ४. दारिद्र्य सर्वांचे होते, मग त्याची झळ अशी निवडून कशी लागली?

१९५४ साली मनिला येथे क्रिस्टिन ब्राउन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसोझा यांनी रिलेचे सुवर्णपदक जिंकले. ही नावे पुन्हा वाचावीत. १९५१ च्या चमूतही मिस्त्री आणि मेंडोन्सा होत्या. गिरणगावातील वा कोकणातून आलेल्या कामकरी कुटुंबातील मुलगी यांत का नाही? तिचे पाय दुबळे होते म्हणून नव्हे. ख्रिस्ती आणि पारशी वस्त्यांत मुलींना शाळा होती, शाळेला मैदान होते आणि मुलीने उघड्यावर धावण्यात घराण्याची अब्रू जात नव्हती. इतर घरांत नळावरची रांग आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ यांतच मुलीची संध्याकाळ संपत असे. आजही पुष्कळ घरांत संपते.

सार्वजनिक पैसा योग्य जागी पडला तर काय घडते, याचे उदाहरण देशातच आहे. १९७६ मध्ये केरळ सरकारने कण्णूर येथे मुलींसाठी क्रीडाशाळा काढली. तिच्या पहिल्या तुकडीतील पी. टी. उषा हिने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत दोन रौप्यपदके घेतली आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे ऑलिंपिक पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. १९८२ साली दिल्लीत उभारलेल्या दिमाखदार स्टेडियमांपेक्षा ती एक शाळा देशाला अधिक फळली, असे म्हणणे भाग आहे.

मेरी डिसोझा यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली, मनिलाच्या सुवर्णपदकानंतर ५९ वर्षांनी. तोवर त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या होत्या. पुरस्कार देणे सरकारला परवडते. त्याला मैदान लागत नाही.

मैदानांची कथा तर याहून लाजिरवाणी आहे. मुंबईत लोकांसाठी राखलेली मैदाने ‘देखभाली’च्या नावाखाली खासगी संस्थांना दिली गेली आणि काहींवर सभासदांपुरते क्लब उभे राहिले. त्यांच्या चालकांत राजकीय पुढारीही होते. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचे नवे धोरण संमत केले. नागरिकांनी गदारोळ केल्यावर मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील राखीव मैदानांची यादी महापालिकेकडून मागून घ्यावी, प्रत्येक जागेवर जाऊन पाहावे आणि फाटकाला कुलूप कोणाचे आहे, महापालिकेच्या शाळेतील मुलींना तेथे संध्याकाळी शंभर मीटर धावता येते की नाही, हे प्रभाग समितीच्या बैठकीत लेखी विचारावे.