पूलला स्पॉन्सर हवाय? आधी कॅलेंडर लावा!

‘टायटल स्पॉन्सर मिळाला का रे?’ फेस्टच्या दिवसांत हा प्रश्न तुम्ही शंभरदा ऐकता. मल्हार असो, उमंग असो नाहीतर मूड इंडिगो, मार्केटिंग टीमची मुलं ऑफिसांचे उंबरठे झिजवतात आणि पैसे आणतातच. मग लेक्चर संपल्यावर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या पार्लरमध्ये तासाच्या हिशेबाने टेबल घेऊन तुम्ही जो पूल खेळता, त्याची एखादी प्रोफेशनल टूर आपल्या उपनगरांत का उभी राहू नये?

‘क्रिकेट सोडून इथे कोण पैसे टाकतंय!’ हे ठरलेलं उत्तर. ऐकायला बरं वाटतं, पण कबड्डीने ते कधीच खोटं ठरवलंय. लालबाग-परळच्या मंडळांनी वर्षानुवर्षं जपलेला हा खेळ. २६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआयमध्ये यू मुंबा आणि जयपूरच्या सामन्याने प्रो कबड्डी सुरू झाली. चढाई-पकड तीच होती. भर पडली ती मॅटची, दिव्यांची, कॅमेऱ्यांची आणि ठरलेल्या वेळापत्रकाची. कंपन्यांनी पैसे मोजले ते त्या वेळेला टीव्हीसमोर बसणाऱ्या घरांसाठी. खेळावर दया म्हणून कुणी चेक फाडत नाही.

क्यू हातात धरण्याची परंपरा तर मुंबईत जुनी आहे. १९५८ मध्ये बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद जिंकणारे विल्सन जोन्स, मायकेल फरेरा, यासीन मर्चंट, २०१३ च्या वर्ल्ड गेम्समध्ये स्नूकरचं सुवर्ण मिळवणारा आदित्य मेहता, ही सगळी आपल्या शहराची नावं. पण बिलियर्ड्स-स्नूकर बराचसा जिमखान्यांच्या आधाराने वाढला. जिमखान्याचं सभासदत्व नसलेल्या पोराला परवडतो तो पूल. म्हणूनच त्याची टूर व्हायला हवी. नाहीतर हात बसलेला मुलगा तेविसाव्या वर्षी नोकरीला लागतो आणि क्यू कपाटावर जातो.

आता घाईचा धोका. २००५ मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल पूल टूर निघाली. केव्हिन ट्रुडो या एका माणसाची कल्पना, एकाच माणसाची हमी. रिनोच्या स्पर्धेत फिलिपिन्सचा दिग्गज एफ्रेन रेयेस जिंकला, पहिलं बक्षीस ५ लाख डॉलर. टाळ्या वाजल्या, पण बक्षिसाचे पैसे वेळेवर निघालेच नाहीत. खेळाडूंना हप्त्यांची वाट बघावी लागली आणि टूर बसली. याउलट इंग्लंडच्या मॅचरूम कंपनीने १९९४ मध्ये मॉस्कोनी कप सुरू केला आणि तो वर्षानुवर्षं भरवत राहिली. तिनेच मग वर्ल्ड नाइनबॉल टूर बांधली. २०२४ ची जागतिक स्पर्धा जेद्दाला झाली, तेव्हा एकूण बक्षीस १० लाख डॉलर होतं. आधी सातत्य आलं, मोठा पैसा मागून आला.

मग आपण काय करायचं? छोटं, पण पक्कं. समजा, अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर अशा चार रविवारांच्या चार फेऱ्या. प्रत्येकीत ३२ खेळाडू, नाइनबॉल, पाच रॅक आधी जिंकेल तो पुढे. बाद फेरीचे ३१ सामने होतात. चार टेबलं असली आणि सामना सरासरी ४५ मिनिटांचा धरला, तर सकाळी दहाला सुरू झालेली स्पर्धा संध्याकाळी पाचपर्यंत आटोपते. घाटकोपर-अंधेरी मेट्रोमुळे मुलुंडच्या मुलाला अंधेरी आता लांब नाही. चारही फेऱ्यांचे गुण जोडून एकच क्रमवारी लावा. आणि बक्षिसाची रक्कम पहिल्या ब्रेकच्या आधी बँकेत हवी, म्हणजे हवीच.

स्पॉन्सरला दाखवायला काय आहे? टेबल! पूलमध्ये कॅमेरा वरून खाली बघतो, म्हणजे तासन् तास स्क्रीनवर दिसतं ते टेबलावरचं कापड. इतकी मोठी जाहिरातीची जागा फार थोड्या खेळांकडे असते. दोन मोबाइलवर लाइव्ह दाखवा, किती जणांनी आणि किती वेळ पाहिलं ते लिहून ठेवा. पहिला स्पॉन्सर कोपऱ्यावरचा कॅफे, क्लास किंवा जिम असेल. चालेल. दुसऱ्या वर्षी मोठ्या दारात जाताना हातात आकडे असतील.

पैसा कुठला घ्यायचा, हेही आधीच ठरवा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ड्रीम इलेव्हन भारतीय संघाच्या जर्सीवरून उतरलं. क्रिकेटला लगेच अपोलो टायर्स मिळाले. पूलला असा दुसरा कोणी रांगेत उभा नसतो. ‘सीएसआरमधून मागू’ म्हणणाऱ्यांनीही नियम वाचावेत. जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरत नाहीत. मान्यताप्राप्त खेळांचं प्रशिक्षण मात्र त्यात बसतं. म्हणजे टूरसाठी मार्केटिंगवाल्यांकडे आणि मुलांच्या शिबिरासाठी सीएसआरवाल्यांकडे जा. दारं दोन आहेत, गल्लत करू नका.

शेवटचा मुद्दा आपल्याच घरातला. ‘पोरगं पूल खेळतं’ म्हटलं की आईबाबांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या उगाच नसतात. धुरकट खोली, हरणाऱ्याने टेबलचे पैसे भरायचे, वर शंभर-दोनशेची पैज. जिथे तुमची बहीण एकटी येऊन निर्धास्त खेळू शकत नाही, तिथे कुठली कंपनी आपला लोगो लावेल? सिगारेट बाहेर, पैजा बंद, मुलींसाठी सामने पहिल्या दिवसापासून. हे करायला स्पॉन्सर लागत नाही, पार्लरचा मालक आणि तुम्ही पुरेसे आहात.

फेस्टचं डेक बनवता येतं ना तुम्हाला? मग पुढच्या रविवारी टेबल बुक करताना मालकाला एवढंच विचारा, ‘काका, महिन्यातला एक रविवार आम्हाला द्याल?’