फुटला की फोडला?

गेल्या पंधरवड्यात आमचा धाकटा नातू स्पॅनिश भाषेचे पुस्तक घेऊन आमच्यापुढे बसला. "आजोबा, 'रोंपेर' म्हणजे फोडणे, मग त्यास 'से' लावून 'रोंपेर्से' कशाला करतात?" आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व संस्कृताचे. स्पॅनिशचा गंध नाही. तथापि वसईकरास ती अगदीच परकी म्हणता येत नाही. पोर्तुगीज ही तिची सख्खी बहीण, आणि १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. त्यातही १५८० ते १६४० पर्यंत स्पेनचा राजा तोच पोर्तुगालचा राजा होता. चावी, पगार हे शब्द पोर्तुगिजांचेच आपल्या घरात राहिले आहेत.

पुस्तकातील उदाहरणे पाहता थोडा उलगडा झाला. 'लावार' म्हणजे धुणे, 'लावार्से' म्हणजे स्वतःचे अंग धुणे. क्रियेचे फळ कर्त्यासच मिळावयाचे असेल तर यजति न म्हणता यजते म्हणावे, हा जो पाणिनीचा विवेक, त्याच्या जवळचाच हा प्रकार. मराठीत 'धुऊन देणे' व 'धुऊन घेणे' यांनी आपण तेच काम भागवितो. पण 'रोंपेर्से'त पेला काही स्वतःस फोडीत नाही! तेथे अर्थ केवळ 'फुटणे'. संस्कृतात यास कर्मकर्तरि प्रयोग म्हणतात: भिद्यते, आणि रूप तेथेही आत्मनेपदीच.

याहून मौज पुढेच आहे. 'से मे रोंपिओ एल वासो' म्हणजे 'माझ्या हातून पेला फुटला'. बोलणारा आपला संबंध नाकारीत नाही. हेतू तेवढा नाकारतो.

येथे आम्ही अडखळलो. मास्तरकीच्या आरंभी वर्गातील पाण्याचा माठ फुटला. एक मुलगा आपण होऊन आला व म्हणाला, "गुरुजी, माझ्या हातून माठ फुटला." आम्हास ती पळवाट वाटली. दोन छड्या मारून 'मी माठ फोडला' हे वाक्य पन्नास वेळा लिहविले. वाक्य व्याकरणशुद्ध होते, खरे नव्हते. तो न येता तर माठाचे कोडे आम्हास कधी उलगडलेही नसते.

तो गृहस्थ आता विरारला राहतो. बाजारात भेटला म्हणजे वाकून नमस्कार करतो. हे प्रकरण काढावे असे दोनदा मनात आले, धीर झाला नाही.

नातवास हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग आजोबा, 'माझ्या हातून छडी बसली' असे म्हणा ना!" आम्ही नाही म्हटले. छडी आम्ही मारली होती; तेथे 'से' लागत नाही.