जुनी मालिका गोड, ज्युरी मात्र नको?

जुन्या आठवणी काढणं फार सोयीचं असतं. कौतुक करता येतं आणि त्यापायी स्वतःला काही करावं लागत नाही. सध्या विलायतेत एका जुन्या कोर्टाच्या मालिकेबाबत हेच चाललंय. पोस्ट लांब आहे, पण वाचा. हे प्रकरण शेवटी आपल्या मुंबईपर्यंत येतं.

मालिकेचं नाव 'क्राउन कोर्ट'. ग्रॅनडा टेलिव्हिजनची. १९७२ ते १९८४ अशी चालली. दुपारी लागायची, साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन भागांत एक खटला. फुलचेस्टर नावाचं काल्पनिक गाव आणि तिथलं कोर्ट. तेव्हा ताप आला म्हणून शाळा बुडवून घरी पडलेली पोरं आज पन्नाशी-साठीत आहेत आणि या मालिकेच्या आठवणीने हळवी होतात. यूट्यूबवर मीही तिचे बरेच भाग पाहिलेत. संथ आहे, सेट साधा आहे, तरी खिळवून ठेवते.

का खिळवते? लोक म्हणतात अभिनय, भाषा, ते पांढरे टोप. मला नाही पटत. खरी गंमत ज्युरीत होती. वकील, आरोपी, साक्षीदार सगळे नट. पण ज्युरीत बसलेले लोक मतदारयादीतले, खरेखुरे नागरिक. ज्युरीप्रमुखाला बोलावं लागायचं म्हणून तेवढा नट घेत. निकाल लेखकाने ठरवलेला नसायचा. 'दोषी' आणि 'निर्दोष' दोन्हीची तयारी ठेवायची, आणि हे लोक ठरवतील तो शेवट. इंग्लंडच्या कोर्टात १९२५ च्या कायद्याने फोटो काढायलाही बंदी. त्यामुळे खटला चालतो कसा, हे कित्येकांनी पहिल्यांदा या मालिकेतच पाहिलं.

आता पुढचं ऐका. डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटनचे न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी जाहीर केलं, की इंग्लंड-वेल्समध्ये ज्या खटल्यांत तीन वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षेची शक्यता आहे, असे बरेच खटले ज्युरीशिवाय एकट्या न्यायाधीशापुढे चालवायचे. खून-बलात्काराला ज्युरी राहील. म्हणजे चोरी, फसवणूक, मारहाण असल्या मधल्या खटल्यांतली ज्युरी जाणार. फुलचेस्टरच्या कोर्टात खून असायचेच, पण असले खटलेही असायचे!

सरकारचं कारण खोटं नाही. क्राउन कोर्टात पाऊण लाखाहून जास्त खटले तुंबलेत. फिर्यादी वर्षानुवर्षं ताटकळतात. पण कोर्टांनी वर्षात किती दिवस बसायचं यावर मर्यादा कोणी घातली? सरकारनेच. पैसा वाचवायचा सरकारने आणि हक्क सोडायचा नागरिकाने, हा कुठला हिशोब?

मला त्याहून मोठा धोका दिसतो तो माझ्या धंद्याचा. ब्रिटनमध्ये १९८१ चा न्यायालय अवमान कायदा आहे. खटला उभा असताना आरोपीला आधीच गुन्हेगार ठरवणारं छापलं, तर संपादक अडकतो. यामागचं मुख्य कारण ज्युरीच. बारा साध्या माणसांच्या कानावर बाहेरचा गोंगाट जाऊ नये. न्यायाधीश काय, पेपर वाचून बदलणार नाही असं मानतात. मग ज्युरीच नसेल, तर पत्रकारांनी तोंड आवरावं कशासाठी? आज नाही तर उद्या हा प्रश्न तिथे कुणीतरी विचारणारच.

उत्तर बघायचं असेल तर आपल्याकडे बघा. १९५९ चा नानावटी खटला. मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकारी नानावटींना निर्दोष म्हटलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. त्या काळात करंजियांचं 'ब्लिट्झ' साप्ताहिक नानावटींच्या बाजूने उघडउघड मोहीम चालवत होतं. बदनाम कोण झालं? ज्युरी. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. ज्युरी गेली, ओरडणारे मात्र राहिले. आज रोज रात्री चॅनेलवर आरोपपत्राच्या आधी निकाल लागतो, आणि आपण जेवता जेवता तो ऐकतो.

कोणी म्हणेल, ज्युरी काय देव आहे का? नाहीच. १९०८ मध्ये लोकमान्यांना दोषी ठरवलं ते ज्युरीनेच. सात युरोपियन एकीकडे, दोन पारशी दुसरीकडे. पण तो दोष नऊ माणसं निवडण्याचा होता. आरोपी ज्या समाजातला, त्या समाजाला खुर्चीत बसूच दिलं नाही. फुलचेस्टरची यादी त्याच्या उलट होती. ज्याला मत, त्याला खुर्ची.

आपल्याकडे ज्युरी परत आणा, असं माझं म्हणणं नाही. पण त्या मालिकेने तिथल्या लोकांना एक सवय लावली होती : आधी दोन्ही बाजू ऐका, मग तोंड उघडा. मालिकेसाठी हळहळणाऱ्या ब्रिटिश मंडळींनी ज्युरीसाठी आपल्या खासदाराला एक पत्र लिहावं. आणि आपण? पुढच्या वेळी गावात कुणाला अटक झाली, की व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा : त्याची बाजू ऐकली का?

पटत नसेल तर खाली लिहा. पण आधी पूर्ण वाचा, मग निकाल द्या.