देहविद्येचा जाहीरनामा

शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचे नाव आहे. खर्डेकर राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला पैसे कमी पडत होते, तेव्हा या माणसाने स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण आज त्याच ग्रंथालयाच्या पायरीवर एखाद्या मुलीने विचारले, ‘मला योग, तालमीतली मेहनत, मर्दानी खेळ, वारकऱ्यांची पावली यांचा एकत्र अभ्यास करून एम. ए. करायचे आहे, कुठल्या विभागात जाऊ?’ तर तिला काय सांगायचे? इतिहासवाले शारीरिक शिक्षणाकडे बोट दाखवतील, शारीरिक शिक्षणवाले तत्त्वज्ञानाकडे, आणि तत्त्वज्ञानवाले विचारतील, बाई, यात ग्रंथ कुठला लावायचा?

या मुलीला बसायला जागा मिळावी म्हणून आम्ही एकत्र आलो आहोत. आमच्यात तालमीचे वस्ताद आहेत, योगशिक्षिका आहेत, दांडपट्टा फिरवणारे आहेत, काही प्राध्यापक आहेत आणि कुठल्याच चौकटीत न बसणारे विद्यार्थी तर बरेच आहेत. चळवळीला नाव अजून दिलेले नाही. नावावरून भांडण्यात पहिले वर्ष घालवू नका, असा जुन्या कार्यकर्त्यांचा सल्ला मिळाला. मागणी मात्र पक्की आहे. शिवाजी विद्यापीठात देहविद्येचा स्वतंत्र विभाग हवा. अंग हलवून, अंग थांबवून, श्वास सांभाळून मन घडवणाऱ्या ज्या ज्या परंपरा या भागात जगल्या, त्या सगळ्यांचा तिथे अभ्यास व्हावा. करूनही आणि वाचूनही.

योग विद्यापीठात आहे की, असे कोणी म्हणेल. आहे. २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योग दिन ठरवला, २०१७ साली नेट परीक्षेत योग हा विषय आला, ठिकठिकाणी प्रमाणपत्रे आणि पदविका सुरू झाल्या. त्यातून शिक्षक तयार होतात, त्यांना काम मिळते. आमचे त्याला काही म्हणणे नाही. पण २१ जूनला मैदानभर पांढरे टी-शर्ट, व्यासपीठावर पाहुणे, ताडासनात उभे राहून कॅमेऱ्याकडे बघणारे अधिकारी, आणि २२ जूनला मैदानात शेळ्या, एवढ्यावर एका विद्येची बोळवण करायची का? आसन शिकवणे हे एक काम आणि आसनाचा अभ्यास करणे हे दुसरे. पहिले जोरात चालू आहे. दुसऱ्याची सुरुवात याच महाराष्ट्रातल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी केली होती, आणि विद्यापीठांनी ती उचलून धरली नाही.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, हे आधी आखाड्यातले. १९०७ पासून तीन वर्षे ते बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली घडले. माणिकरावांच्या व्यायाम मंदिराला नाव जुम्मादादांचे, आणि जुम्मादादा हे त्यांचे मुसलमान वस्ताद. योग कुवलयानंदांनी नंतर माळसरच्या माधवदासजींकडे घेतला. मग १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौली या क्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ निघाले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब वातावरणापेक्षा खाली जातो आणि त्यामुळेच पाणी वर ओढले जाते, हे त्यांनी मोजून छापले. पोथीत आहे म्हणून खरे, हेही त्यांनी मानले नाही. पोथीत आहे म्हणून थोतांड, हेही नाही. आम्हांला विभाग हवा तो या वळणाचा. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: योगाला प्रयोगशाळेत नेणारा हा पहिल्या फळीतला माणूस मठातून थेट आला नव्हता, मध्ये कुस्तीचा हौदा होता. योग एका खोलीत आणि कुस्ती दुसऱ्या खोलीत, ही वाटणी नंतरच्या कारकुनीची आहे.

दुसरे उदाहरण पुण्याचे. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘हठाभ्यासपद्धती’ या संस्कृत ग्रंथाची पोथी आहे. कर्ता कापालकुरंटक, काळ बहुधा अठरावे शतक. तीत ११२ आसने आहेत, सहा गटांत, ठरावीक क्रमाने लावलेली. उताणी, पालथी, बसून, उभ्याने आणि चक्क दोरीवर. दोरीचा मल्लखांब करणाऱ्या आपल्या मुलींना हा भाग वाचून दाखवला, तर त्या सांगतील की यातले निम्मे आम्ही रोज करतो. पण या पोथीवर खरी मेहनत झाली ती लंडन विद्यापीठाच्या सोआसमध्ये, २०१५ ते २०२० या हठयोग प्रकल्पात. जेम्स मॅलिन्सन, जेसन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मजकूर तर तपासलाच, शिवाय ही आसने माणसांकडून करवून घेऊन चित्रित केली. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. राग यायचाच असेल तर आपला आपल्याला यावा. पोथी पुण्यात, दोरी गावोगाव, आणि दोहोंची गाठ घालायला माणसे आली लंडनहून.

२०१० साली मार्क सिंगलटन यांचे ‘योगा बॉडी’ हे पुस्तक आले. आज जगभर दिसणारा आसनप्रधान योग बऱ्याच अंशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या व्यायाम चळवळीत, युरोपीय जिम्नॅस्टिक्सच्या शेजारात घडला, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे यावर दोनच सूर निघाले. एक म्हणाला, परक्यांचा कट. दुसरा म्हणाला, बघा, सगळे नवेच निघाले. पुरावा उघडून बघायची तसदी थोड्यांनी घेतली, आणि गंमत म्हणजे त्यातला बराच पुरावा मराठीत आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रचार करत होते, त्यावर १९२८ साली त्यांनी पुस्तक काढले. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला, दहा खंडांचा, मराठीत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय व्यायाम दाखवून आले. तालमीतले सपाटे आणि सूर्यनमस्कारातल्या मधल्या पायऱ्या सारख्या का दिसतात, कोणी कोणाचे उचलले, की दोघांनी तिसऱ्याचे, याचे उत्तर मराठी न येणाऱ्या माणसाला देता येणार नाही. मराठी येणाऱ्यांनी अजून दिलेले नाही.

मग हे काम कोल्हापुरातच का? कारण इथे अभ्यासाचा विषय चालत्या पावलांनी भेटतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभे केले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरीच्या तालमींनी हिंदकेसरी दिले. पेठेपेठेत तालीम आहे, जरी नव्या पोरांना पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे आधी फुटबॉलमुळे माहीत होतात. मोहरमला यातल्या काही तालमींत पंजेही बसतात. आषाढीला शहरातून नंदवाळला दिंडी जाते, पुईखडीला रिंगण होते. टाळ-मृदंगावर तासन्‌तास पावली खेळणाऱ्या साठीच्या माणसाला दम का लागत नाही, हा कुठल्याही शरीरशास्त्रज्ञाने घ्यावा असा प्रश्न आहे. कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर २८ फुटी मूर्ती कायोत्सर्गात उभी आहे. हालचाल पूर्ण थांबवणे हीसुद्धा देहाची विद्या आहे, आणि या जिल्ह्यातले जैन शेतकरी ती घरात पाळतात. आळत्याला विपश्यना केंद्र आहे. बत्तीस शिराळ्याला गोरक्षनाथांची परंपरा, आणि ज्ञानेश्वरांच्या गुरुपरंपरेतही नाथच. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात बंध आणि कुंडलिनीचे वर्णन मराठीत आहे, शके १२१२ चे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी दोन, मनपाडळे आणि पारगाव, आपल्याच जिल्ह्यात. दीडेक तासाच्या अंतरात एवढे सगळे असलेले विद्यापीठ दुसरे दाखवा.

कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन बघा. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते. ती फावड्याने उकरून भुसभुशीत करणे हाच नव्या पोराचा पहिला व्यायाम, आणि त्यातच त्याची पाठ आणि मनगटे तयार होतात. बैठका सुरू झाल्या की वस्ताद आकड्याकडे लक्ष देत नाही. तो श्वास ऐकतो. लय तुटली की दुसरीकडे बघत असला तरी तो त्या पोराला थांबवतो. डाव शिकवताना तोंडाने फारसे सांगत नाही. पोराचे मनगट धरतो, कंबर वळवून देतो, सोडतो, पुन्हा धरतो. शंभरदा. एके दिवशी तो डाव अंगातून आपोआप निघतो आणि पोरालाच नवल वाटते. इथे लक्ष म्हणजे काय, ते कुठे ठेवलेले असते, याला ध्यान म्हणायचे की नाही? आम्ही आधीच ‘हो’ म्हणून बसलेलो नाही. ठरलेले असते तर विभाग कशाला मागितला असता?

शिकवणार कोण, हा हमखास येणारा आक्षेप. वस्तादाकडे पीएच. डी. नसते. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद केली. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे मुरलेल्या माणसाला औपचारिक पदवीशिवाय नेमता येते. म्हणजे नियम आडवा येत नाही, सवय येते. फुटलेल्या कानांचा माणूस स्टाफरूममध्ये चहा घेताना दिसला की काहींना अवघडल्यासारखे होईल. होऊ द्या. त्याच्या बरोबरीने संस्कृत आणि मोडी वाचणारा हवा, शरीरक्रियाशास्त्र जाणणारा हवा आणि चित्रण करणारा हवा. विद्यार्थ्याने सकाळी मातीत किंवा चटईवर, दुपारी दप्तरखान्यात असे दोन वर्षे काढावे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी कागद आहेत. तालमींचा, पैलवानांच्या खुराकाचा खर्च त्यांत कसा लावला आहे, हे एकाच विद्यार्थ्याने जरी नेटाने शोधले तरी विभागाचा पहिला प्रबंध निघेल.

आता आमच्याच लोकांना न आवडणारे. या विभागात योगाने अमुक रोग हमखास बरा होतो असले दावे चालणार नाहीत. योगाचे वय पाच हजार वर्षे की पाचशे, हे आधी ठरवून मग पुरावा गोळा करणे चालणार नाही. कुस्ती सुटल्यावर खुराक तसाच राहून मेहनत थांबलेल्या पैलवानांच्या गुडघ्यांचे, हृदयाचे, साखरेचे काय होते, हे सीपीआर रुग्णालयाच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन तपासले पाहिजे, मग निष्कर्ष तालमीच्या अभिमानाला कितीही झोंबोत. कोणत्या जातीच्या पोराला कुठल्या हौद्यात उतरू दिले आणि कुठल्या नाही, हे लिहिले पाहिजे. आणि मुली. ब्रह्मचर्याच्या आणि सोवळ्याच्या नावाखाली किती पिढ्या त्या दाराबाहेर राहिल्या, हा या विद्येच्या इतिहासाचा भाग आहे. त्यावर पांघरूण घालून परंपरेची शोभा वाढत नाही. आज जिल्ह्यातल्या मुली कुस्तीत पदके आणतात. विभागाच्या पहिल्या तुकडीत निम्म्या मुली नसतील तर आम्ही स्वतःच या मागणीच्या विरोधात उभे राहू.

धर्माचे म्हणाल तर जुम्मादादा, माधवदासजी, ज्ञानदेव, बाहुबली आणि आळत्याचे साधक यांना एका अभ्यासक्रमात बसवताना आम्हांला कुठेच अडचण आली नाही. ज्यांना येईल त्यांनी ती लेखी मांडावी, आम्ही लेखी उत्तर देऊ.

विद्यापीठाकडे मागणी जाईलच. अधिसभेच्या सदस्यांनाही आम्ही भेटणार आहोत. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही. वयस्कर वस्ताद एकेक करून जात आहेत, आणि त्यांचे डाव कुठल्याही पुस्तकात नाहीत. तुमच्या तालमीच्या माळ्यावर जुनी हजेरीपुस्तके, फोटो, जत्रेतल्या कुस्त्यांच्या जाहिराती असतील, घरात आजोबांची व्यायामाची वही असेल, मठात आसनांची चित्रे असतील, तर ती रद्दीत घालू नका. आम्हांला वर्गणी नको. मूळ कागद तुमच्याकडेच राहू द्या, आम्हांला फक्त फोटो काढू द्या. आणि घरात कोणी एके काळी लंगोट लावलेला, पट्टा फिरवलेला, पावली खेळलेला माणूस असेल, तर या रविवारी त्याच्यासमोर मोबाइल ठेवा आणि विचारा: तुम्हांला हे कोणी, कसे शिकवले? तासभर बोलू द्या, मधे टोकू नका, आणि ते रेकॉर्डिंग जपून ठेवा.